ऑफिससाठी कमी बजेटचा असेंबल्ड पीसी: एकमेकांना जुळणारे पार्ट कसे निवडावेत

असेंबल्ड पीसीचं कोटेशन हातात आलं की नजर आधी खालच्या एकूण रकमेवर जाते. ती आधी वरच्या तीन ओळींवर जायला हवी: प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम. ही एकच खरेदी आहे असं समजून भाव काढा, कारण यातला एक पार्ट बदलला की उरलेले दोन बहुधा बदलावे लागतात. कॅबिनेट, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क), मॉनिटर यांत चूक झाली तर ती थोड्या पैशात निस्तरता येते. या तिघांतली चूक मात्र पाकीट फोडल्यावर लक्षात येते, आणि फोडलेलं पाकीट परत घ्यायला दुकानदार सहसा तयार नसतो.

इथे डोळ्यांसमोर कर सल्लागार, हिशेबनीस, छोटी संस्था किंवा दुकानाचं ऑफिस आहे. टॅली, एक्सेल, जीएसटी आणि आयकराची पोर्टलं, ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब, पीडीएफ, प्रिंटिंग, अधूनमधून व्हिडिओ मीटिंग. या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि पुढचं सगळं गणित त्यावरच उभं आहे.

आधी मागची बाजू मोजा

प्रोसेसरचा विचार करण्याआधी कागदावर लिहून काढा की या पीसीला काय काय जोडायचं आहे. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, बॅकअपची हार्ड डिस्क. सहा-सात यूएसबी पोर्ट बघता बघता संपतात. स्वस्त बोर्डांवर मागे चार किंवा सहाच असतात. टोकन मागच्या पोर्टमध्येच लावावं. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची वायर हलकी असली की सही करताना टोकन मध्येच गायब होतं आणि दोष पोर्टलला दिला जातो.

जुनी उपकरणं असतील तर जास्त सावध राहा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून अनेक दुकानांत चलन छापतोय. त्याला यूएसबी असेल तर प्रश्न नाही. फक्त पॅरलल पोर्ट असेल तर यूएसबी-टू-पॅरलल केबलने विंडोजमधून छपाई होते, पण थेट एलपीटी१ वर (म्हणजे बोर्डच्या पॅरलल पोर्टवर) पाठवणारं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर त्या केबलकडे ढुंकूनही बघत नाही. अशा ठिकाणी पीसीआय एक्सप्रेस पॅरलल कार्ड घ्यावं लागतं, म्हणजे बोर्डवर एक मोकळा एक्स१ स्लॉट (छोट्या कार्डाची खाच) हवा. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा सीरियल केबलने जोडायचा असेल तर बोर्डवर ‘कॉम’ हेडर (केबल लावायच्या पिनांचा गट) आहे का ते बघा. त्याची पट्टी आणि केबल वेगळी विकत घ्यावी लागते. यूएसबी-टू-सीरियल केबलही चालते, मात्र नकली चिप असलेल्या अतिस्वस्त केबल विंडोजचा नवा ड्रायव्हर नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड १०’ दिसत राहतो.

वायफाय लागणार असेल तर तेही आत्ताच लिहा. या किमतीच्या बहुतेक बोर्डांवर वायफाय नसतं.

प्रोसेसर आणि बोर्ड

इंटेलच्या बाजूला आजही सर्वांत बिनधोक जोडी म्हणजे कोर आय३-१२१०० आणि एच६१० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) बोर्ड. दोन्ही जानेवारी २०२२ मध्ये एकत्रच बाजारात आले. त्यामुळे बोर्ड कितीही जुन्या स्टॉकमधला असला तरी हा प्रोसेसर बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डमधलं सॉफ्टवेअर) अपडेट न करता चालू होतो. चार कोर, आठ थ्रेड, आत यूएचडी ७३० ग्राफिक्स. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, एलजीए१७००.

आय३-१३१०० आणि आय३-१४१०० त्याच सॉकेटमध्ये बसतात, पण बसणं आणि चालू होणं वेगळं. बोर्ड १२व्या पिढीच्या काळात पॅक झालेला असेल तर बायोस अपडेट केल्याशिवाय डिस्प्ले येणार नाही, आणि ते अपडेट करायला जुना चालणारा प्रोसेसर लागतो. प्रोसेसरशिवाय पेनड्राइव्हवरून बायोस टाकायची सोय काही बोर्डांवर असते, स्वस्तांत क्वचित. म्हणून बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची ‘सीपीयू सपोर्ट लिस्ट’ उघडा. प्रत्येक प्रोसेसरपुढे तो कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. बोर्डवर किंवा पेटीवर बायोसचा क्रमांक असलेलं स्टिकर असतं. दोन्ही ताडून बघा. नसेल जुळत तर दुकानदाराकडूनच अपडेट करून घ्या आणि तसं बिलावर लिहून घ्या. या तिन्ही आय३ मध्ये मुख्य फरक घड्याळाच्या वेगाचा आहे: ४.३, ४.५ आणि ४.७ गिगाहर्ट्‌झपर्यंत. टॅलीत तो जाणवत नाही. भाव सारखा असेल तर नवा घ्या, नाहीतर १२१०० पुरतो.

नावापुढचं अक्षर नीट वाचा. आय३-१२१००एफ मधला ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. हा थोडा स्वस्त मिळतो आणि कोटेशनमध्ये सहज घुसतो. मग पंखा फिरतो, दिवा लागतो, मॉनिटर मात्र काळाच. बोर्डवर एचडीएमआयचं भोक असून उपयोग नाही, त्यामागचं चित्र प्रोसेसर तयार करत असतो.

एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरमध्ये नियम नेमका उलटा: ग्राफिक्स असण्याची खूण ‘जी’. रायझन ५ ५६००जी (सहा कोर, बारा थ्रेड) चालेल; रायझन ५ ५५०० आणि ५६०० ला ग्राफिक्सच नाही. हे एएम४ सॉकेटचे, सोबत ए५२० किंवा बी५५० चिपसेटचा बोर्ड घ्यावा. ए५२० बोर्ड २०२० साली आले आणि ५६००जी त्यानंतर, २०२१ मध्ये, म्हणून जुन्या स्टॉकमध्ये बायोसचा प्रश्न इथेही येतो. स्वस्त पडतो म्हणून रायझन ३ ३२००जी सुचवला गेला तर थांबा. एएमडीने ए५२० आणि बी५५० ची आखणी करताना तो त्यात धरलेला नव्हता. बोर्डच्या यादीत त्याचं नाव स्पष्ट असेल तरच घ्या, आणि शक्यतो घेऊच नका. चार कोर-चार थ्रेडचा जुना प्रोसेसर आहे तो.

एएम५ सॉकेट (रायझन ५ ८५००जी, ए६२० बोर्ड) पुढची काही वर्षं अपग्रेडला मोकळा आहे, पण तिथे फक्त डीडीआर५ रॅम चालते. इंटेलचा नवा एलजीए१८५१ सॉकेटही तसाच, आणि त्यात १२व्या ते १४व्या पिढीचा प्रोसेसर बसत नाही. ऑफिस पीसीमध्ये पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलणारे फार कमी. तेव्हा सगळा डबाच बदलला जातो. म्हणून अपग्रेडच्या आशेवर आज जादा पैसे घालणं आम्हाला पटत नाही.

दोन सापळे अजून. पहिला: १०व्या पिढीचा आय३-१०१०५ आणि बी५६० बोर्ड अशी जोडी ‘ऑफर’मध्ये मिळते. ती चालते, पण त्या बोर्डवरचा जो एम.२ स्लॉट (एसएसडीची खाच) थेट प्रोसेसरला जोडलेला असतो तो ११व्या पिढीशिवाय जिवंत होत नाही. एसएसडी त्यात लावली की दिसतच नाही. दुसरा: एच६१ किंवा एच८१ चिपसेटचे ‘नवे’ बोर्ड आणि जुने आय५. ‘आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी’ ही जाहिरात ऐकायला छान, पण तो आय५ तिसऱ्या-चौथ्या पिढीचा असतो आणि विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. ज्या पीसीवरून ग्राहकांची विवरणपत्रं भरायची त्यावर सुरक्षा अपडेट बंद झालेली प्रणाली ठेवू नये.

रॅम

एलजीए१७०० च्या बोर्डांत सर्वांत जास्त घोळ इथे होतो. एकाच एच६१० नावाचे बोर्ड दोन प्रकारांत येतात, डीडीआर४ चे आणि डीडीआर५ चे, आणि पेट्या जवळपास सारख्या दिसतात. बऱ्याच कंपन्या मॉडेलच्या शेवटी ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ लिहितात. ती दोन अक्षरं कोटेशनमध्ये हवीतच. दोन्ही रॅमना २८८ संपर्क असतात, लांबी सारखीच, पण मधली खाच वेगळ्या जागी आहे. एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये जात नाही आणि जोर लावला तर स्लॉट फुटतो.

कोणती घ्यावी? २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढले आणि आठवड्या-आठवड्याला बदलत राहिले, तेव्हा ‘डीडीआर४ स्वस्त’ हे गृहीत धरू नका. बोर्ड अधिक रॅम अशी बेरीज दोन्ही बाजूंनी त्याच दिवशी काढा आणि कमी पडेल ती घ्या. ऑफिसच्या कामात वेगाचा फरक हाताला लागत नाही.

डीडीआर४ घेतली तर ३२०० मेगाहर्ट्‌झची घ्या. ३६०० ची जास्त पैसे देऊन आणली तरी एच६१० वर ती ३२०० नेच धावते. आकारमान १६ जीबी. ८ जीबीत विंडोज ११ चालतं, पण ब्राउझर, टॅली आणि मोठं एक्सेल एकत्र उघडलं की पीसी एसएसडीवर रॅमचं काम ढकलू लागतो आणि टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं. इंटेलसोबत १६ ची एकच पट्टी लावून दुसरा स्लॉट मोकळा ठेवणं चांगलं. रायझन ‘जी’सोबत मात्र ८-८ च्या दोन लावा, कारण त्याचं ग्राफिक्स रॅमवरच जगतं आणि दोन पट्ट्यांनी त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. बजेट अगदीच ताणलेलं असेल तर आज एक ८ ची घेऊन भाव उतरल्यावर दुसरी टाका, फक्त तिचा वेग आणि व्होल्टेज तेच असू द्या. आणि ‘लाँग डीआयएमएम’च घ्या, लॅपटॉपची छोटी पट्टी डेस्कटॉपला चालत नाही.

एसएसडी

५०० जीबीची एम.२ एनव्हीएमई, २२८० मापाची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. एम.२ हे फक्त स्लॉटच्या आकाराचं नाव आहे. त्याच आकारात साटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडीही येते. तिला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एक. बोर्डचा स्लॉट फक्त पीसीआय एक्सप्रेसचा असेल तर साटावाली त्यात छान बसते आणि बायोसमध्ये दिसत नाही. बोर्डच्या माहितीपत्रकात एम.२ ची ओळ वाचली की उलगडा होतो. तिथेच बघा की एम.२ वापरल्यावर एखादा साटा पोर्ट बंद होतो का.

जेन४, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या, एसएसडीसाठी जादा पैसे देऊ नका. बहुतेक एच६१० बोर्डांवर एम.२ स्लॉट चिपसेटमधून येतो आणि जेन३ चा असतो. ५६००जी सुद्धा जेन३ चाच आहे. जेन४ ची लावली तर चालते, जेन३ च्या वेगाने. बॅकअपसाठी आत दुसरी डिस्क घालण्यापेक्षा बाहेरची घ्या आणि बॅकअप झाला की काढून कपाटात ठेवा.

एसएमपीएस, कॅबिनेट, कूलर

असा पीसी एक्सेलवर काम करताना ३० ते ४० वॉट आणि पूर्ण ताणाखाली १०० च्या आसपास घेतो. त्यामुळे ‘६०० वॉट हवाच’ या सल्ल्याला अर्थ नाही. ४०० ते ४५० वॉटचा, ८० प्लस (वीज कमी वाया जाते याचं) प्रमाणपत्राचा आणि किमान तीन वर्षं वॉरंटीचा पुरतो. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसच्या स्टिकरवर ४५० लिहिलेलं असतं, पण पूर्ण लोडला तेवढे वॉट मिळतील याची खात्री नसते; व्होल्टेज वरखाली झालं की पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. बचत करायचीच असेल तर कॅबिनेटच्या काचेत आणि रंगीत पंख्यांत करा.

जोडण्या: २४ पिनची मुख्य केबल आणि प्रोसेसरची ४+४ पिन. कॅबिनेटच्या तळाशी एसएमपीएस असेल तर प्रोसेसरची केबल बोर्डच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचते का ते विचारा. स्वस्तांत ती आखूड असते.

कॅबिनेट मायक्रो-एटीएक्स (२४४ × २४४ मिलिमीटर) बोर्ड घेणारं हवं, पुढे यूएसबी ३.० असलेलं. पुढे टाइप-सी असलेलं घेताना बोर्डवर त्याचं हेडर आहे का बघा. एच६१० वर ते सहसा नसतं आणि पोर्ट शोभेचा राहतो.

कूलर पेटीतलाच वापरा. ‘ट्रे’ (पेटीशिवाय सुटा) प्रोसेसर घेतला तर कूलर वेगळा घ्यावा लागतो, आणि जुन्या पीसीचा काढून लावता येत नाही: एलजीए१७०० ची भोकं ७८ मिलिमीटर अंतरावर आहेत, एलजीए१२०० आणि त्याआधीची ७५ वर. तीन मिलिमीटरच, पण चौथी पिन बसत नाही. पेटीबंद प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेला काय मिळेल ते दुकानावर.

मॉनिटर आणि यूपीएस

२२ इंची, १९२० × १०८०, आयपीएस. पोर्ट जुळवा: बोर्डला एचडीएमआय आणि व्हीजीए असतील तर दोन मॉनिटर एकाच वेळी चालतात, एकावर पोर्टल आणि दुसऱ्यावर एक्सेल. व्हीजीएवर बारीक अक्षर किंचित पसरट दिसतं, म्हणून जास्त वाचायचा पडदा एचडीएमआयवर ठेवा.

६०० व्हीएचा यूपीएस एक पीसी आणि एक मॉनिटर आरामात सांभाळतो. नवी बॅटरी असताना साधारण १५ ते २५ मिनिटं. लेझर प्रिंटर त्यावर कधीही लावू नका. त्याचा हीटर सुरू होताना इतकी वीज ओढतो की यूपीएस ट्रिप होतो आणि पीसी जातो.

जुळणारी एक यादी

- इंटेल कोर आय३-१२१००, पेटीबंद, ‘एफ’ नसलेला
- एच६१० मायक्रो-एटीएक्स बोर्ड, डीडीआर४, एम.२ स्लॉटसह, मागे सहा यूएसबी, एचडीएमआय आणि व्हीजीए
- डीडीआर४-३२००, १६ जीबीची एक पट्टी
- ५०० जीबी एनव्हीएमई, २२८०
- ४५० वॉट, ८० प्लस एसएमपीएस
- मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट, एसएमपीएसशिवाय, मागे एक पंखा

काउंटरवर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या गावातल्या डीलरकडे, बोर्ड तिथेच उघडा. इंटेल बोर्डच्या सॉकेटवरचं काळं झाकण उचलून मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिरप्या कोनातून बघा. पिनांच्या रांगा सरळ चमकल्या पाहिजेत. एखादी पिन वाकलेली असेल तर त्या जागी चमक तुटते. फोटो काढा. घरी गेल्यावर दिसलेली वाकडी पिन ही ग्राहकाची चूक धरली जाते आणि वॉरंटी नाकारली जाते. ते झाकण फेकू नका. बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते लावलेलं लागतं.

बिल पक्कं, जीएसटी क्रमांकासह आणि प्रत्येक पार्टच्या सीरियल नंबरसह. ऑफिसची जीएसटी नोंदणी असेल तर आपला क्रमांक त्यावर घालून घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट त्याशिवाय मिळत नाही.

जोडणी

बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून आधी बाहेर चालवून बघा. प्रोसेसरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवा, दाब न देता ठेवा, मग लिव्हर लावा. लिव्हर घट्ट जाते, ते बरोबर आहे. रॅम दोन्ही टोकांनी ‘टक्’ होईपर्यंत. एसएसडी तिरपी घालून खाली दाबा आणि स्क्रू लावा. तो इवलासा स्क्रू बोर्डच्या पेटीतल्या पुडीत असतो, आधी शोधून ठेवा. इंटेलच्या कूलरच्या चार पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांत, कर्णाने दाबा आणि बोर्ड उलटा करून चारही पांढरी टोकं बाहेर आली आहेत का बघा. एक जरी राहिली तरी कूलर तिरपा बसतो आणि प्रोसेसर तापून मंदावतो. पेस्ट आधीच लावलेली असते.

मग दोन्ही पॉवर केबल, मॉनिटर, आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ‘पॉवर स्विच’च्या दोन पिना क्षणभर जोडा. बायोसमध्ये रॅम १६ जीबी, एसएसडीचं नाव आणि प्रोसेसरचं तापमान दिसलं की कॅबिनेटमध्ये बसवा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. रॅम जुळवून घेत असते. घाईने बंद करू नका.

कॅबिनेटमध्ये आधी मागची पत्र्याची पट्टी, मग बोर्ड. बोर्डला भोक नाही अशा जागी पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो खुंटा) राहिला असेल तर काढा, तो बोर्डच्या मागे टेकून शॉर्ट करतो. पुढच्या बटणांच्या वायरींत उलटसुलटचा प्रश्न फक्त दिव्यांना असतो, स्विचना नाही.

विंडोज ११ च्या इन्स्टॉलेशनला इंटरनेट लागतं आणि कधी कधी नेमका लॅनचाच ड्रायव्हर नसतो. बोर्ड कंपनीच्या पानावरून तो दुसऱ्या पीसीवर उतरवून पेनड्राइव्हमध्ये तयार ठेवा. विंडोज ११ ला लागणारं टीपीएम (सुरक्षा चिप) वेगळं विकत घ्यावं लागत नाही; बायोसमध्ये इंटेलचं ‘पीटीटी’ किंवा एएमडीचं ‘एफटीपीएम’ चालू असलं की झालं.

डिस्प्ले आला नाही तर

पंखा फिरतोय पण पडदा काळा: प्रोसेसरची ४+४ पिन केबल राहिली का बघा, विसरण्यात तिचा पहिला नंबर आहे. मग रॅम काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग प्रोसेसरचं पूर्ण नाव, ‘एफ’ आहे का. मग बायोस आवृत्ती. पंखा दोन सेकंद फिरून थांबतो आणि पुन्हा फिरतो: बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून चालवा, बाहेर चालला तर स्टँडऑफ, नाही चालला तर एसएमपीएस किंवा रॅम. सगळं चालतंय पण पीसी दिवसातून एकदा-दोनदा रीस्टार्ट होतो: आधी दुसरा एसएमपीएस लावून बघा, आणि प्लगमधलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसरी पिन कित्येकदा कशालाच जोडलेली नसते. नंतर रॅमसाठी विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक एक रात्र चालू ठेवा. चूक सापडली तर पडद्याचा फोटो आणि बिल घेऊन दुसऱ्याच दिवशी दुकान गाठा. पहिल्या आठवड्यात बहुतेक डीलर पार्ट हातोहात बदलून देतात, त्यानंतर तो सर्व्हिस सेंटरच्या रांगेत जातो.